मागं का येत नाही तो?

मिरजेला आमच्या घरी पहिला व्हिडिओ गेम आला तो चुलतभावाच्या मुंजीच्या आहेरातून. करडा डबा, दोन रिमोट आणि पिवळ्या कॅसेटवर दिमाखात छापलेलं ‘९९९९९९९ इन १’. प्रत्यक्षात खेळ सात-आठच, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. त्यातला मारिओ लावला की मोठी काकू शेंगांचं सूप घेऊन पलंगाच्या कडेला येऊन बसायची. खेळायची नाही, पण बघायची मन लावून. एकदा माझ्याकडून एक नाणं घ्यायचं राहिलं आणि स्क्रीन पुढे सरकली.

“अरे, ते राहिलं की. जा की मागं.”

“मागे जाता येत नाही, काकू.”

“का? पाय मोडलेत का त्याचे?”

मी डावीकडचं बटण दाबून दाखवलं. मारिओ स्क्रीनच्या कडेला चिकटून जागच्या जागी धावत राहिला. काकूने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, “पडलेला रुपया उचलायला जो मागं येत नाही, त्याच्या हातात संसार द्यायचा नाही.”

त्यानंतर मी गेमची परीक्षणं वर्षानुवर्षं वाचत आलोय. इतक्या नेमक्या जागी बोट ठेवणारं फार थोडं सापडलं.

१९८५ चा तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटांत बसवलेला होता. सकाळी सकाळी नातेवाईक गुलाबाच्या फुलाचं जे चित्र पाठवतात, ते याहून जड असतं. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच आकृती, फक्त रंग वेगळा. एवढ्या काटकसरीत त्या लोकांनी पहिल्या काही सेकंदांत जे साधलंय ते मला आजही थक्क करतं. समोरून गूंबा नावाचं तपकिरी ध्यान येतं. उडी मारली नाही तर मेलात. म्हणजे उडी शिकलात. मग प्रश्नचिन्हाच्या विटेतून आळंबी निघते, उजवीकडे घरंगळते, पाइपाला आपटते आणि उलटी आपल्याच अंगावर येते. नुकतेच एकाने मेलेले असल्यामुळे आपण तिला चुकवायला बघतो, पण डोक्यावर विटा असल्यामुळे उडी नीट बसत नाही आणि ती आपल्याला लागते. आपण मोठे होतो! म्हणजे अंगावर येणारं सगळंच वाईट नसतं, हेही कळलं. एक शब्द न वाचता. आम्हाला इंग्रजी यथातथाच यायचं, आणि तरी कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच गेममध्ये पुढे, चौथ्या आणि सातव्या जगाच्या किल्ल्यांत, चुकीच्या वाटेने गेलात तर तोच रस्ता पुन्हा पुन्हा येतो. चूक झाली हेसुद्धा कुणी सांगत नाही. इतका गुणी मास्तर, पण शेवटच्या धड्यांना आला की फळ्याकडे तोंड करून पुटपुटायला लागतो.

त्याच कॅसेटमधल्या ‘कॉन्ट्रा’वर आमच्या घरात दोन वर्षं भांडणं झाली. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. एक गडी भराभर वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला दुसरा, काही चूक नसताना, खालच्या कडेला मरतो. वर, आपल्या सगळ्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या शिलकीतली उचलता यायची. “माझी लाइफ खाल्लीस” हे वाक्य आमच्याकडे जेवणाच्या पंगतीतही ऐकू यायचं. ‘एल’ अक्षराची लेझर बंदूक दिसायला एकदम तालेवार, पण बटण पुन्हा दाबलं की आधी सुटलेला किरण नाहीसा व्हायचा. आम्हाला वाटायचं बंदूकच खराब आहे. धीराने दाबायची ती बंदूक होती, आणि धीर दहा वर्षांच्या पोराकडे कुठून असणार.

पुढे इंटरनेटवर परीक्षणं वाचायला लागलो तेव्हा त्यांची पद्धत मला लग्नाच्या स्थळासारखी वाटली. ग्राफिक्स नऊ, आवाज आठ, कथा सात, एकूण साडेआठ. मुलगी गोरी, उंची बेताची, पत्रिका जुळते. माणूस कसा आहे ते राहिलंच. मी हळूहळू एकच गोष्ट बघायला लागलो: गेम तोंडाने काय सांगतो ते बाजूला ठेवायचं आणि तो आपल्या हातांना काय करायला लावतो तेवढं बघायचं. बरेचदा दोन्हींत वाकडं असतं.

अकरावीत असताना लोटस आणि वर्डस्टार शिकवणाऱ्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. तिथे सर चहाला गेले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू व्हायचा. जॉर्डन मेकनरने तो १९८९ साली केला. नायकाच्या हालचाली मिळवायला त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. म्हणूनच त्या चार बोटं उंचीच्या माणसाला वजन आहे. तो पळायला लागला की पटकन थांबत नाही, पाय घासत थांबतो. उडीचं बटण उशिरा दाबलं तर तो उडी मारतोच, पण दरीत.

मारिओवर वाढलेल्या आम्हाला हा दोष वाटला. बटण दाबलं की लगेच व्हायला हवं, हा काय मेला विचार करत बसतो! मग शिफ्टची गंमत कळली. शिफ्ट धरून बाण दाबला की तो एकेक पाऊल जपून टाकतो, आणि तसं चाललं तर जमिनीतून वर येणारे खिळेसुद्धा त्याला लागत नाहीत. पळत गेलात तर चाळण. त्यात एकूण मुदत एका तासाची, म्हणजे एक हात सावकाश म्हणतोय आणि भिंतीवरचं घड्याळ चल चल म्हणतंय. त्या ओढाताणीत बोटांना जो घाम यायचा, तो नंतरच्या कितीतरी महागड्या गेमना आणता आलेला नाही.

चौथ्या टप्प्यात एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारली की पलीकडून आपलीच सावली बाहेर पडते आणि आपली ताकद एका थेंबावर येते. ही सावली पुढे आपलं औषध पिते, आपल्या तोंडावर दार बंद करते. गंमत म्हणजे ती जन्मली अडचणीतून. मशीनच्या मेमरीत नवं पात्र काढायला जागा उरली नव्हती, म्हणून नायकाचीच चित्रं थोडी खेळवून वापरली. शेवटच्या, बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. आपण वार करतो, आणि तिच्याबरोबर आपलंही रक्त कमी होतं. क्लासमधली सगळी पोरं तिथे अडकली होती. काहींनी ‘मेगाहिट’ टाइप करून गेम सुरू करायचा आणि टप्पेच उडवत पुढे जायचं ही विद्या कुठूनतरी पैदा केली होती. एका दुपारी माझं बोट चुकून खालच्या बाणावर पडलं. नायकाने तलवार म्यान केली. सावलीनेही केली. मी तसाच पुढे चालत गेलो आणि दोघं एकमेकांत मिसळून गेले.

मागे उभं असलेलं कुणीतरी हळूच “आयला” म्हणालं. तेवढंच.

त्या गेमला कथा अशी नाहीच. दुष्ट वजीर, कैदेतली राजकन्या, चार ओळींचा मामला. राजकन्या तर जवळजवळ तासभर वाळूच्या घड्याळाकडे बघत असते, मध्ये एकदा उंदीर मदतीला पाठवते तेवढंच तिचं काम. हा सरळ सरळ दोष आहे आणि जुना आहे म्हणून मी तो माफ करणार नाही. पण लढाईचा शेवट खालच्या बाणात लपवणं, तेही अडीच तास वार करायला शिकवून झाल्यावर, याला माझ्या लेखी तोड नाही. अडीच तास म्हणजे एका तासाची मुदत पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करणाऱ्या आमच्यासारख्या मठ्ठांचे.

‘व्हाइस सिटी’बद्दल थोडक्यात. माझ्या वयाच्या प्रत्येकाने तो सायबर कॅफेत बसून खेळलाय आणि निम्म्यांनी फक्त रणगाडा मागवायचा कोड तेवढा पाठ केलाय. रात्रीचे गुलाबी दिवे, गाडीतला रेडिओ, कामधाम सोडून नुसतं भटकणं, हे त्याचं बलस्थान. पण तो खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा टप्पा! एक हात कीबोर्डच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, चार बॉम्ब आणि वर मुदत. एरवी दांडगाई करत फिरणाऱ्या माणसाला अचानक सुईत दोरा ओवायला बसवलं होतं. आणि समुद्राने वेढलेल्या शहरात राहणाऱ्या त्या गुंडाला पोहता येत नव्हतं. पाण्यात पडला की खलास. काकू असती तर तिने यावरही काहीतरी ऐकवलं असतं.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मात्र असा दोन वाक्यांत सुटत नाही. २०१८ साली आला. मी तो दोन वर्षांनी, घरात कोंडून पडलो असताना खेळलो. शिकार केली की दरोडेखोरांच्या टोळीतला नायक आर्थर मॉर्गन गुडघे टेकतो, सुरी काढतो, कातडं ओढतो. दर वेळी. कपाटातला एकेक डबा हात लांबवून उचलतो. घोड्याला खरारा करायचा, खायला घालायचं. माझ्या मित्राने या संथपणाला कंटाळून गेम विकून टाकला. मला तो आवडला, कारण मी बँकेत काम करतो आणि एकेक कागद हाताने उचलण्यात काय असतं ते मला माहीत आहे. घोड्यावर बसायचं आणि समोरच्याला धरून लोळवायचं, ही दोन्ही कामं मात्र एकाच बटणावर देणारा कोण महाभाग होता कळत नाही. भर बाजारात घोड्याजवळ गेलो, बटण दाबलं, आणि बाजूने जाणाऱ्या सभ्य गृहस्थाला चिखलात लोळवलं. मग पोलीस. मग बंदुका. मी फक्त घरी निघालो होतो हो.

त्या गेममध्ये सुरुवातीलाच एक वसुलीचं काम येतं. टोळीतला सावकार पाठवतो आणि एका खोकणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन त्याला बडवायचं असतं. बडवल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मी दोनदा बटण सोडून थांबून पाहिलं. बायका-पोरं बघतायत, तो खोकतोय, आणि गेम शांतपणे वाट बघतोय. शेवटी दाबलं. कित्येक तासांनी कळतं, क्षयाची लागण त्याच झटापटीत झाली. आमच्या वसुली विभागातली माणसं काही कुणाला मारत नाहीत, पण मार्चअखेरीला त्यांच्याबरोबर जीपमधून मी दोनदा गेलोय. दारातल्या बाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या घ्यायचा की नाही, हा प्रश्न जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पडतो. म्हणून तो प्रसंग माझ्या हातांत बसला. पुढे तब्येत खालावल्यावर आर्थरला काही कर्जदारांची देणी माफ करता येतात, तेव्हा मी शोधून शोधून केली.

आणि नेमक्या याच गेमचं तोंड आणि हात सर्वांत जास्त भांडतात. आर्थर रात्री वहीत लिहितो, खून-मारामारीचा वीट आलाय. सकाळी कथेचा पुढचा भाग उघडावा तर तीस-चाळीस माणसं आडवी केल्याशिवाय संपत नाही. एरवी एवढं अफाट रान मोकळं सोडलेलं. पण कथेच्या कामात असताना जरा बाजूच्या टेकडीवरून जाऊन बघावं म्हटलं तर लगेच लाल अक्षरं येतात आणि काम फसलं म्हणून जाहीर होतं. मैदान दिलं, पण पट्टा गळ्यात ठेवून.

‘एल्डन रिंग’ने हा पट्टा काढला, हे त्याचं मोठेपण. मोकळ्या माळावर पाऊल ठेवताच सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार दिसतो, जाल तर चिरडतो. आता नको, नंतर ये, एवढंच त्याचं म्हणणं. वळसा घालून निघून जाणं हीसुद्धा खेळी आहे, हे शिकायला मला अकरा मरणं लागली. पण या गेममध्ये पॉजचं बटण नाही. मेन्यू उघडला तरी राक्षस थांबत नाही. गॅस सिलेंडरवाला दारात उभा, कुकरची तिसरी शिट्टी, आणि मी रिमोट हातात धरून तसाच दाराकडे पळतोय. करणाऱ्यांच्या घरी कुकर नसावा.

पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’बद्दल लिहिताना माझा हात जड होतो. २०२० साली आला. नॉडिंग हेड्स नावाची तिथली छोटी मंडळी. लोकांकडून वर्गणी गोळा करायचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसलेला. राजस्थानी धाटणीचे वाडे, भिंतींवर देवादिकांची चित्रं, त्यांच्यापुढे थांबून गोष्ट ऐकणारी डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोरगी, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेले. पहिल्या रात्री मी बायकोला हाक मारून दाखवलं, हे बघ, हे पुण्यात केलंय. आपलं म्हणून कौतुक करावं असं त्यात पुष्कळ आहे, आणि आपलं आहे म्हणून सांभाळून घेतलं तर त्या लोकांचाच अपमान. कॅमेरा वरून, लांबून, आणि आपल्याला फिरवता येत नाही. त्यामुळे पुढचा कठडा किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि कसरतपटू राजी माझ्या हाताने बदाबदा पडते. लढाई दोन तासांनी तीच ती वाटते. पाच-सहा तासांत गेम संपतो, म्हणजे संपतही नाही, कीर्तनकार ऐन रंगात असताना लाइट जावी तसा तुटतो. आणि सुरुवातीला आला तेव्हा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. बाजार कुठे आहे ते कळतं. तरीही.

भाचा ‘बीजीएमआय’ खेळतो. पूर्वी त्याचं नाव पबजी होतं, २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, पुढच्या जुलैत नवं नाव घेऊन परतला. शंभर जण एका बेटावर आणि आकसत जाणारं वर्तुळ, ही कल्पना बनवणाऱ्याला मी हात जोडतो. कितीही लपा, वर्तुळ तुम्हाला माणसात आणून सोडतंच. गेम तोंडाने सांगतो, हे आभासी जग आहे, रक्तही हिरवं. सामना अर्ध्या तासाचा, आणि त्याआधी-नंतर भाच्याची बोटं कपडे, पेट्या, सवलती यांच्या लॉबीत. तुळशीबागेतून वाट काढत देवळात जावं तसं. मागच्या दिवाळीत त्याने ओवाळणीचे पैसे एका जॅकेटवर घातले. जॅकेट बंदुकीपुढे काही कामाचं नाही, हे तोच मला अभिमानाने सांगत होता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो गेम. ‘पेपर्स, प्लीज’, लुकस पोप, २०१३. दिसायला रद्दीसारखा. आपण एका काल्पनिक देशाच्या सीमेवर खिडकीत बसलेले कारकून. कागद तपासायचे, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. माणशी पाच रुपये म्हणू या. संध्याकाळी सहाला खिडकी बंद, मग घरभाडं, जेवण, शेकोटी, आजारी सासूचं औषध. दिवसभर बँकेत कागद पास करायला बसून घरी येऊन हेच करायचं म्हटल्यावर बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या गेमचं सगळं कसब टेबलाच्या आकारात आहे. टेबल मुद्दाम अपुरं दिलंय. पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र, नियमांची वही, सगळं एकमेकांवर येतं. माणूस समोर रडत असतो आणि आपण कागदाखालचा कागद शोधत असतो. त्याचं तोंड बघायला वेळच मिळत नाही. मुद्दाम निष्ठुर व्हावं लागत नाही, टेबल लहान असलं की पुरतं. आमच्या शाखेत काउंटरच्या काचेला जे अर्धगोल भोक आहे त्याची उंची अशी की बसलेल्या माणसाला उभ्या गिऱ्हाइकाचा फक्त हात दिसतो. हे माझ्या लक्षात बारा वर्षांनी आलं, तेही तो गेम खेळल्यावर.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. कागद चोख. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी चांगलं वागा. बायकोकडे प्रवेशपत्र नाही. परत पाठवलं तर जीव जाईल असं ती म्हणते. सोडलं तर आपल्या खिडकीतलं यंत्र टरटर करत चुकीची चिठ्ठी छापतं. पण दिवसाच्या पहिल्या दोन चिठ्ठ्या नुसत्या ताकीद, दंड तिसरीपासून. ही बारीकशी सोय मला गेमच्या लेखकाची सर्वांत मोठी करामत वाटते. मी काही दिवसांतच त्या दोन चुका जपून ठेवायला लागलो. सकाळी काटेकोर काम करायचं, म्हणजे दुपारी कुणी आलंच तर चूक करायला शिल्लक हवी. दया करायची तर आधी बिनचूक असावं लागतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं.

दोष आहेत. मध्येच हातात बंदूक देतात आणि कुंपणावरून उडी मारणाऱ्याला टिपायला सांगतात, ते अगदी उपरं वाटतं. ते गुप्त संघटनेचं कथानकही मला जड झालं. इथे एका बाईच्या एका कागदावर जीव टांगलेला असताना राज्य उलथवायच्या गप्पा हव्यात कशाला? विसाव्या दिवसाच्या पुढे नियम इतके वाढतात की मी नुसता दमलो, आणि गेमलाही तेच हवं असावं, पण दमणूक ती दमणूकच.

या गेममध्ये मागे जाता येतं. कुठलाही जुना दिवस निवडायचा आणि तिथून नवी फांदी फोडायची. मी पहिल्यांदा त्या बाईला परत पाठवलं होतं. काम संपवून, शेवट बघून, मग पाचव्या दिवसावर परत आलो आणि तिला सोडलं. टरटर. चिठ्ठी टेबलावर पडून राहू दिली.

तेव्हा नोव्हेंबर होता. बँकेत हयातीच्या दाखल्यांची गर्दी. एक पेन्शनर आले, ऐंशीच्या पुढचे, पैसे काढायची स्लिप घेऊन. हात कापत होता, सही जुळेना. तीनदा करून घेतली. मी म्हटलं, “काका, अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतील, मीच उभे करतो.”

“अंगठा?” ते म्हणाले. “हायस्कूलचा हेडमास्तर होतो मी.”

मागे रांग. मी त्यांना सोमवारी या म्हणालो. बँकेत पहिल्या दोन चुका माफ नसतात.

सोमवारी ते आले. स्लिपबरोबर भोकातून एक घडी घातलेला कागद आत सरकला. वहीचं ताव, दोन्ही बाजूंनी भरलेलं, रेघेवर एक अशा सह्या. वरच्या वेड्यावाकड्या, खालच्या जरा बऱ्या. मी खुर्चीवरून उठलो, काचेच्या वर मान काढली.

“बघा,” ते म्हणाले, “यातली कुठली चालेल?”